घरगुती ध्वनियंत्राचें रोहित्र

आंबेगांव तालुक्यांत, पुणें-नाशिक रस्त्यावरील मंचर गांवापासून थोड्या अंतरावर, अवसरी नांवाचीं दोन गांवें आहेत. एक बुद्रुक व दुसरें खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरलें आणि खुर्द म्हणजे धाकटें, हा फारसी भाषेचा वारसा महाराष्ट्रांतील शेंकडों गांवांच्या नांवांस चिकटून राहिला आहे. अशा कोणत्याहि गांवांत शिरतांना खांबांवर बसविलेलें एक करड्या रंगाचें लोखंडी धूड दृष्टीस पडतें. सरकारी कागदांत त्यास रोहित्र म्हणतात, दुकानदार ट्रान्सफॉर्मर म्हणतो, आणि गांवकरी त्यास नुसती ‘डीपी’ म्हणतात. ह्या दोन अक्षरांचा उलगडा करीत बसण्याची कोणास गरज वाटत नाहीं. ‘डीपी जळाली’ एवढे दोन शब्द कानीं आले कीं पिकाचें पाणी थांबलें आणि रात्र अंधारांत जाणार, हें लहान पोरासहि समजतें.

ह्याच धुडाचें एक तळहाताएवढें भावंड घरांतील ध्वनियंत्रांत बसलेलें असतें. अलीकडे संगणकावर गाणें ऐकण्याची सोय घरोघर झाली असल्यामुळें, संगणकास जोडावयाचा ध्वनिवर्धक आणि त्यास वीज पुरविणारी पेटी हीं दोन्ही स्वतःच्या हातानें तयार करण्याची हौस कांहीं तरुणांस असते. अशा तरुणाचा पहिला प्रश्न असा कीं, रोहित्र कोणतें घ्यावें? ध्वनिवर्धकास बारा व्होल्ट लागतात, म्हणून तो बाजारांत जाऊन बारा व्होल्टांचें, एक अँपिअरचें रोहित्र मागतो. दुपारीं तें लावून पाहिलें तर आवाज निर्मळ येतो. सायंकाळीं मात्र त्याच गाण्याखालीं भुंग्यासारखी एक घरघर सुरू होते, आणि तरुण बिचारा ध्वनिवर्धकाचे सांधे पुन्हां पुन्हां तपासीत बसतो. दोष सांध्यांत नसतो. तो रोहित्राच्या निवडींत असतो, आणि ती निवड कां चुकली हें समजण्यासाठीं जवळजवळ दोन शतकें मागें जावें लागतें.

१८३१ सालच्या ऑगस्टच्या २९ तारखेस लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅरडे ह्यानें सहा इंच व्यासाचें मऊ लोखंडाचें एक कडें घेतलें, त्याच्या एका बाजूस तांब्याच्या तारेचे वेढे दिले आणि दुसऱ्या बाजूस निराळ्या तारेचे वेढे दिले. पहिल्या तारेंत प्रवाह सोडला किंवा तोडला कीं दुसऱ्या तारेस जोडलेली सुई क्षणभर हाले. दोन तारा एकमेकींस कोठेंहि शिवत नव्हत्या. मध्यें होतें तें फक्त लोखंड. प्रवाह स्थिर राहिला कीं सुई पुन्हां स्वस्थ. सुई हलते ती बदलामुळें, प्रवाहाच्या अस्तित्वामुळें नव्हे, ही गोष्ट त्या दिवशीं सिद्ध झाली. आजचें प्रत्येक रोहित्र, मग तें खांबावरील असो वा पेटींतील, ह्याच कड्याच्या वंशांतील आहे.

त्या कड्याचा व्यवहारांत उपयोग होण्यास मात्र पन्नास वर्षें लागलीं. फ्रान्सचा गोलार आणि इंग्लंडचा गिब्ज ह्यांनीं १८८४ सालीं इटलींतील तुरीन येथील प्रदर्शनांत दूरवर वीज नेऊन दाखविली. त्यांच्या रचनेंत लोखंडाचा गाभा दोन्ही टोकांस उघडा असे, आणि सर्व रोहित्रांच्या पहिल्या गुंडाळ्या एकापुढें एक अशा सांखळीनें जोडलेल्या असत. ह्या सांखळीचा मोठा दोष असा कीं, एका घरच्या दिव्यांत फेरफार झाला कीं दुसऱ्या घरच्या दिव्यांचा तेजोभंग होई. शेजाऱ्याच्या दिव्याचा आपल्या दिव्यावर परिणाम व्हावा, हें कोणास रुचणार? पुढल्याच वर्षीं, १८८५ सालीं, बुडापेस्ट येथील गांझ कारखान्यांतील झिपेर्नोव्स्की, ब्लाथी आणि देरी ह्या तिघां अभियंत्यांनीं गाभ्याची वाट बंद केली आणि रोहित्रें सांखळीनें न जोडतां शेजारीं शेजारीं, समांतर जोडलीं. मग एका घरानें दिवा मालविला तरी दुसऱ्यास त्याची खबर लागेना. ह्या तिघांच्या बंद गाभ्याचा एक प्रकार कड्याच्याच आकाराचा होता. म्हणजे फॅरडेचें कडें पुन्हां कामास आलें.

कड्याचा एक उपद्रव होता. त्याच्यावर वेढे द्यावयाचे तर तारेचें टोक प्रत्येक वेळीं भोंकांतून ओंवून काढावें लागे; हें काम गोधडी शिवण्याइतकें मंद. अमेरिकेंत विल्यम स्टॅन्ले ह्यानें १८८६ च्या मार्च महिन्यांत ग्रेट बॅरिंग्टन ह्या लहानशा गांवांतील दुकानें रोहित्रांच्या साहाय्यानें उजळून दाखविलीं, आणि त्याच सुमारास वेस्टिंगहाऊसच्या कारखान्यांत इंग्रजी ‘ई’ अक्षराच्या आकाराचे पातळ पत्रे कापून गाभा रचण्याची युक्ति निघाली. गुंडाळी आधीं निराळी तयार करावयाची आणि मग पत्रे तींत सरकवावयाचे, म्हणजे काम झपाट्यानें होतें. आज बाजारांत जें चौकोनी, पत्र्यांच्या थरांचें रोहित्र सर्वांत स्वस्त मिळतें तें ह्याच युक्तीचें फळ होय. पत्रे पातळ आणि एकमेकांपासून विलग ठेवावयाचे, कारण अखंड लोखंडांत प्रवाहाचे भोंवरे उठून लोखंडच तापतें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं लोखंडांत सिलिकन मिसळल्यानें ही तापण्याची खोड आणखी कमी झाली.

एक तपशील येथें सांगितला पाहिजे, कारण पुढील सर्व हिशेब त्यावर उभा आहे. गाभ्यांत लोखंड किती लागेल हें प्रवाह सेकंदास किती वेळां उलटसुलट होतो ह्यावर अवलंबून असतें. आवर्तनें जितकीं अधिक, तितकें लोखंड कमी. जर्मनींत १८९० नंतर पन्नास आवर्तनांचा पायंडा पडला, अमेरिकेंत साठांचा. आणि हिंदुस्थानानें पन्नासांची वाट धरली. म्हणून अमेरिकेंत साठ आवर्तनांसाठीं अगदीं काटेकोर बनविलेलें रोहित्र, व्होल्ट बरोबर जुळवूनहि आपल्या पन्नासांच्या विजेवर लावलें, तर त्याच्या लोखंडावर शेंकडा वीस अधिक भार पडतो. तें गुरगुरतें आणि तापतें. परदेशस्थ नातलगानें प्रेमानें धाडलेली वस्तु येथें जळते, ती पुष्कळदां ह्याच कारणानें. परंतु ठपका येथल्या विजेवर येतो.

महाराष्ट्रांत मोठ्या प्रमाणावर ही वीज आली ती पाण्यांतून. लोणावळ्याच्या परिसरांतील वळवण, शिरवता आदि तलावांचें पाणी घाटाखालीं सोडून खोपोली येथें टाटांचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालूं लागल्या. पुढें १९२२ मध्यें भिवपुरी आणि १९२७ मध्यें भिरा हीं वीजगृहें निघालीं. घाटावर पडलेला पाऊस शेंकडों चात्यांना फिरवितो, हा चमत्कार रोहित्रावांचून घडता ना. कारण दाब उंच चढविल्याशिवाय वीज इतक्या दूर नेतांना ती तारा तापविण्यांतच खर्ची पडते. मात्र ही वीज मुंबईची होती. सह्याद्रीच्या ज्या अंगास पाऊस साठविला जात होता, त्या अंगाच्या खेड्यांत रात्रीं रॉकेलचाच दिवा तेवत होता.

ह्याच काळांत आकाशवाणी अवतरली. मुंबईंत रेडिओ क्लबनें १९२३ च्या जूनमध्यें हौशी प्रक्षेपण केलें, आणि १९२७ च्या जुलैच्या २३ तारखेस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्तें झालें. कंपनी लौकरच बुडाली, सरकारनें तो कारभार हातीं घेतला, आणि १९३६ च्या जूनपासून त्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. पुण्याचें केंद्र मात्र १९५३ च्या गांधीजयंतीस उघडलें. तोंपर्यंत जुन्नर-आंबेगांवच्या श्रोत्यास मराठी ऐकावयाचें तर कान मुंबईकडेच लावावे लागत.

त्या काळच्या रेडिओच्या नळ्यांस दोन प्रकारची वीज लागे. नळीची तार तापविण्यास दोन व्होल्टांची ओली बॅटरी, आणि नळीस काम करावयास लावण्यासाठीं शंभराच्या आसपास व्होल्टांची कोरडी बॅटरी. ओली बॅटरी उतरली कीं ती भरून आणण्यासाठीं विजेच्या गांवीं धाडावयाची. कोरडी संपली कीं फेंकून नवी विकत घ्यावयाची. रेडिओच्या किंमतीपेक्षां त्याच्या आहारानेंच माणूस बेजार होई. म्हणून १९२५ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें एडवर्ड रॉजर्स ह्यानें बॅटरीवांचून, घरच्या दिव्याच्या विजेवर चालणारा रेडिओ विकावयास काढला, तेव्हां त्याचें केवढें अप्रूप वाटलें असेल! त्या यंत्राच्या पोटांत रोहित्र होतें. रोहित्र दाब हवा तसा चढवी किंवा उतरवी, पुढची नळी उलटसुलट प्रवाह एका दिशेचा करी, आणि कंडेन्सर त्यांतील चढउतार भरून काढी. आज नळीच्या जागीं चार डायोड आले आहेत. बाकी रचना तीच.

बॅटरी गेली आणि घरघर आली. बॅटरींत चढउतार नसतात. पन्नास आवर्तनांच्या विजेचा प्रवाह एकदिश केला कीं त्यांत सेकंदास शंभर लाटा उरतात, आणि कंडेन्सर त्यांचें पुरतें समाधान करूं शकला नाहीं तर त्याच लाटा कर्ण्यांतून बाहेर पडतात. सायंकाळच्या त्या तरुणाचा भुंगा तो हाच.

आणखी एक पाठ त्या जुन्या रेडिओंनीं मागें ठेवला आहे. कलकत्त्यासारख्या कांहीं शहरांत पुष्कळ वर्षें एकदिश प्रवाहच मिळे, आणि एकदिश प्रवाहावर रोहित्र चालत नाहीं. सुई हलते ती बदलामुळें, हें फॅरडेनें दाखविलेंच होतें. म्हणून दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारे, रोहित्र गाळलेले रेडिओ निघाले. ते स्वस्त आणि हलके होते, परंतु त्यांच्या लोखंडी सांगाड्यास विजेची एक तार थेट जोडलेली असे. प्लग उलटा बसला कीं तो सांगाडा जिवंत होई. लांकडी खोका आणि कांचकड्याच्या कळा एवढाच काय तो माणसांत व मरणांत पडदा. रोहित्राचें जें काम कोणाच्या लक्षांत येत नाहीं तें येथें लक्षांत येतें. तें दाब उतरवितें हें खरेंच, पण खांबावरील विजेचा आणि माणसाच्या हाताचा संबंधहि तें तोडतें. दोन तारा एकमेकींस शिवत नाहींत, मध्यें असतें तें फक्त लोखंड.

हा पाठ आज विसरला जात आहे. स्वस्त दिव्यांत आणि डांस मारण्याच्या जाळ्यांत रोहित्राऐवजीं नुसता एक कंडेन्सर घालून दाब पाडतात. बंद डब्यांत तें एक वेळ चालेल. परंतु तीच युक्ति कोणी ध्वनिवर्धकास लावली, तर खांबावरची वीज तारेवाटे संगणकाच्या पत्र्यापर्यंत आणि कानांतील श्रवणीपर्यंत येऊन पोहोंचते. तसेंच घरोघर जो स्टॅबिलायझर असतो, त्यांत बहुधा एकाच गुंडाळीस मधून मधून फांटे काढलेले असतात. तो दाब सांवरतो, संबंध तोडीत नाहीं. स्टॅबिलायझर आहे म्हणून निराळें रोहित्र नको, असें समजणाऱ्यानें जिवाशीं खेळ मांडला आहे.

खेड्यांत वीज पोहोंचली ती मुख्यतः स्वातंत्र्यानंतर. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० च्या जूनमध्यें स्थापन झालें, आणि पुढील दोन-तीन दशकांत तारा वाड्यावस्त्यांपर्यंत गेल्या. दिव्यापेक्षां पंपासाठीं ही वीज अधिक हवी होती. आंबेगांव तालुक्यांत घोड नदी, तिच्यावरील डिंभें धरण आणि त्याचे कालवे ह्यांच्या आधारानें बागायत वाढली. बटाटा, कांदा, भाजीपाला मंचरच्या बाजारांत येऊं लागला. प्रत्येक विहिरीवर मोटर बसली. आणि येथें गोलारचा तो जुना दोष मागील दारानें परत आला. घरें समांतर जोडलेलीं होतीं हें खरें, परंतु रोहित्रापासून शेवटच्या घरापर्यंतची तार सर्वांची एकच होती, आणि तारेसहि स्वतःचा विरोध असतो. दहा पंप एकदम सुरू झाले कीं त्या तारेंतच पुष्कळ व्होल्ट खर्ची पडत, आणि शेवटच्या घरीं जें पोहोंचे तें उरलेंसुरलें. शेजाऱ्याचा पंप चालू झाला कीं आपला दिवा लाल होतो, हा अनुभव महाराष्ट्रांतील कोणत्या खेड्यास नाहीं?

१९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांत ग्राहकाच्या घरीं दाबांत शेंकडा सहापेक्षां अधिक फरक पडूं नये असें घातलें होतें. २३० व्होल्टांवर शेंकडा सहा म्हणजे खालीं २१६ आणि वर २४४. नियम चांगला होता. तारेस तो वाचतां येत नव्हता. २००५ सालीं वीज मंडळाचे भाग होऊन महावितरण कंपनी निघाली, आणि त्यानंतरच्या काळांत गांवठाणाची वाहिनी शेतीपंपांच्या वाहिनीपासून निराळी करण्याचें काम राज्यांत बऱ्याच ठिकाणीं झालें. त्यानें गांवठाणांतील दिव्यांची स्थिति सुधारली. मळ्यांत राहणाऱ्यांची स्थिति मात्र सर्वत्र तितकी सुधारली असें म्हणवत नाहीं, आणि हौशी तरुण मळ्यांतहि राहतात.

आतां संगणकाकडे येऊं. संगणकाच्या पेटींतील वीजपुरवठा जुन्या पद्धतीचा नसतो. १९७७ सालच्या ॲपल-टू संगणकांत आणि त्यानंतर सर्वत्र आलेल्या पद्धतींत, घरची वीज आधींच एकदिश करून, मग तिची सेकंदास हजारों वेळां चालू-बंद अशी तोडमोड करतात, आणि अशी तोडलेली वीज एका चिमुकल्या रोहित्रांतून नेतात. आवर्तनें अधिक म्हणून लोखंड कमी, हा नियम वर सांगितलाच आहे. पन्नासांच्या जागीं पन्नास हजार आवर्तनें आल्यावर शेरभर लोखंडाचें काम सुपारीएवढा गाभा करूं लागला. ही पद्धति हलकी आहे, दाब दीडशेंवर आला तरी पुष्कळदां डगमगत नाहीं, आणि वीज कमी खाते. तिचा दोष एवढाच कीं ती तोडमोड स्वतःच एक गोंगाट आहे. चांगल्या कारागिराच्या हातीं तो गोंगाट पेटींत कोंडला जातो. स्वस्त मालांत तो तारांवाटे ध्वनिवर्धकांत आणि हवेंतहि पसरतो. म्हणून शांत आवाजाची चाड असणारे लोक ध्वनिवर्धकापुरतें अजून लोखंडी रोहित्रच पसंत करतात. त्यांची ती पसंती निव्वळ जुन्याची आवड नव्हे.

तर मग कोणतें घ्यावें? ध्वनिवर्धकास एकदिश बारा व्होल्ट आणि एक अँपिअर हवा असें धरलें, आणि दाब स्थिर ठेवणारें ७८१२ जातीचें रेग्युलेटर पुढें लावलें, तर त्या रेग्युलेटरला स्वतःसाठीं दोन व्होल्ट अधिक लागतात. म्हणजे त्याच्या दारीं चौदांच्या खालीं कधींहि उतरतां कामा नये. चार डायोडांपैकीं एका वेळीं दोन वाटेंत येतात. ते मिळून सुमारें दोन व्होल्ट खातात. ४७०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घेतला, तर एक अँपिअरला त्याच्यावर दोन व्होल्टांहून किंचित् अधिक लाट उरते. चौदा, दोन आणि दोन मिळून अठरा. रोहित्राच्या विजेचें शिखर निदान अठरा व्होल्टांपर्यंत गेलें पाहिजे. उलटसुलट विजेचें शिखर तिच्या नांवाच्या आंकड्याच्या सुमारें एक पूर्णांक चार दशांश पट असतें. म्हणजे बारा व्होल्टांचें शिखर सतरा. सतरा हे अठरांहून कमी. बारा व्होल्टांचें रोहित्र पूर्ण २३० व्होल्टांवरसुद्धां पूर्ण भार असतांना कांठावरच असतें, तें दुपारीं निभावलें तें हलक्या भारामुळें.

पंधरा व्होल्टांचें घेतलें तर शिखर एकवीस. हें पुण्यासारख्या शहरांत निर्वेध चालेल, आणि घरचा दाब दोनशेंपर्यंत उतरला तरी तग धरील. १९० झाला कीं भुंगा परत येईल. अठरा व्होल्टांचें घेतलें, तर दाब १६५ पर्यंत उतरेतों आवाज स्वच्छ राहतो. मग अठराच कां घेऊं नये? कारण रात्रीं उशीरां पंप बंद झाल्यावर तोच दाब अडीचशेंवर जातो. तेव्हां रेग्युलेटरच्या दारीं चोवीस-पंचवीस व्होल्ट उभे राहतात, आणि बारांहून अधिक वॅट नुसत्या उष्णतेच्या रूपानें टाकून द्यावे लागतात. त्यासाठीं ॲल्युमिनियमचा मोठा पंखेदार पत्रा हवा. नाहीं तर सायंकाळचा भुंगा चुकवून मध्यरात्रीची आग विकत घेतल्यासारखें होईल. शहरांतील मनुष्यानें पंधरा घ्यावें. मळ्यांतल्यानें अठरा घेऊन पत्रा मोठा लावावा. पुस्तकांतील उत्तर एकच असतें. ह्या दोघांच्या तारा एक नाहींत.

त्यासाठीं घरचा दाब स्वतः मोजला पाहिजे, आणि तो सायंकाळीं सात वाजतां व पुन्हां मध्यरात्रीं, असा निदान आठवडाभर. हें काम दहा मिनिटांचें, मीटरहि महाग नाहीं. आणि तरी तें बहुतेक कोणी करीत नाहीं.

अँपिअरच्या बाबतींत फसगत याहून मोठी होते. कंडेन्सर शिखराच्या क्षणीं घाईघाईनें भरतो, त्यामुळें एकदिश एक अँपिअर काढावयाचा तर रोहित्राच्या गुंडाळींतून मोजमापानें सुमारें पावणेदोन अँपिअर वाहतो. एक अँपिअरचें रोहित्र मग तापतें, तारेवरील आवरण करपतें, आणि एके दिवशीं वास येतो. पंधरा व्होल्टांस दोन अँपिअर, म्हणजे तीस व्होल्ट-अँपिअर, ही योग्य मागणी. बाजारांत ‘बारा-शून्य-बारा’ असें जें म्हणतात त्याचा अर्थ मध्यें फांटा असलेल्या दोन बारा-बारांच्या गुंडाळ्या. त्यांतील दोन टोकें धरलीं तर चोवीस मिळतात, हें न कळून कित्येकांनीं रेग्युलेटर जाळले आहेत. शिवाय लहान रोहित्र भारावांचून मोजलें तर बारांऐवजीं चौदा-पंधरा दाखवितें, आणि ग्राहक ‘जास्तच देतें’ म्हणून खूष होऊन घरीं जातो. भार लावल्यावर तें बारांवर, आणि माल हलका असल्यास त्याहि खालीं येतें. वजनाची परीक्षा अजूनहि बरी. पन्नास आवर्तनांवर तीस व्होल्ट-अँपिअर देणारें रोहित्र हलकें असूंच शकत नाहीं. हातांत फुलासारखें वाटलें तर वरचा कागद खोटें बोलत आहे.

पुण्यास बुधवार पेठेंतील तापकीर गल्ली आणि मुंबईस लॅमिंग्टन रोड येथें हा माल मिळतो, आणि मागणीप्रमाणें गुंडाळून देणारे कारागीरहि आहेत. त्यांच्याकडे गेल्यास पहिल्या गुंडाळीस २०० आणि २३० असे दोन फांटे काढवून घेतां येतात. मळ्यांतील मनुष्यास ह्याहून उपयुक्त गोष्ट दुसरी नाहीं. मात्र २०० च्या फांट्यावर ठेवलेलें रोहित्र मध्यरात्रीं अडीचशेंवर चालूं देऊं नये, लोखंड तृप्त होऊन तें भणभणूं लागेल. तांब्याची तार, पुरेसे पत्रे आणि दोन गुंडाळ्यांमध्यें चांगला कागद, एवढें मागून घ्यावें; दर थोडा अधिक पडतो.

अलीकडे कड्याच्या आकाराच्या रोहित्रांचा, ज्यांस टोरॉइड म्हणतात त्यांचा, फार बोलबाला आहे. भोंकांतून तार ओंवण्याचें तें मंद काम आतां यंत्रें करतात. कड्याचें चुंबकत्व बाहेर कमी सांडतें, म्हणून शेजारच्या ध्वनिवर्धकांत घरघर शिरत नाहीं, हें खरें. परंतु सुरू करतांना तें विजेचा एक मोठा घोट घेतें, त्यासाठीं सावकाश वितळणारा फ्यूज लागतो. आणि लाइनीवर थोडा जरी एकदिश अंश आला तरी तें स्वतःच गुणगुणूं लागतें. जेथें वीज रगेल आहे तेथें पत्र्यांचें चौकोनी रोहित्र, पेटीच्या दूरच्या कोपऱ्यांत आडवें फिरवून बसविलेलें, अधिक सोशीक ठरतें. फॅशन पाहून येथें निवड करूं नये.

ह्या परिसरांत शांततेस आणखी एक अर्थ आहे. अवसरीच्या उत्तरेस, जुन्नर तालुक्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप ह्यांच्या कल्पनेंतून ती १९९० नंतरच्या दशकांत उभी राहिली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, चौदा मध्यभागीं आणि बाकीच्या तीन लांब हातांवर पसरलेल्या. ही जागा निवडण्याच्या कारणांपैकीं एक असें कीं येथें मानवी रेडिओ-गोंगाट कमी होता. अब्जावधि वर्षांपूर्वीं हायड्रोजननें सोडलेली कुजबुज ह्या थाळ्या ऐकतात, आणि तींत व्यत्यय आणणाऱ्या गोष्टींत विजेच्या खांबांवरील ठिणग्यांचा समावेश आहे. सैल सांधा, तडकलेला चिनी मातीचा इन्सुलेटर, ह्यांतून उडणारी बारीक ठिणगी दूरवर रेडिओ-गोंगाट करते. संस्थेची माणसें अशा ठिणग्यांचा माग काढून त्या दुरुस्त करवून घेत आली आहेत. हलक्या प्रतीच्या तोडमोड-पद्धतीच्या पेट्यांचा गोंगाटहि त्याच जातीचा. लोखंडी रोहित्र असा रेडिओ-गोंगाट करीत नाहीं. त्याच्यामागचे डायोड मात्र थोडी कुरकुर करतात, आणि प्रत्येकावर एक लहानसा कंडेन्सर ठेवला कीं तेहि गप्प बसतात.

एक घरघर उरते, जिच्याशीं रोहित्राचा कांहीं संबंध नसतो. संगणकाची तिसरी, जमिनीची तार आणि ध्वनिवर्धकाची जमिनीची तार अशा दोन वाटांनीं एकच वर्तुळ तयार होतें, आणि त्यांत पन्नासांचा सूर घुमतो. लोक त्यावर जमिनीचा खिळाच मोडून टाकतात. घरघर थांबते, कारण वर्तुळ तुटतें. आणि संगणकाच्या पेटींत उद्यां दोष उत्पन्न झाला तर विजेस जावयास माणसावांचून वाट उरत नाहीं. दोन्ही यंत्रें एकाच प्लगपट्टीवर लावावींत, आणि तेवढ्यानें न भागलें तर ध्वनीच्या तारेंत एक लहानसें रोहित्र घालावें. त्यासहि दोन गुंडाळ्या असतात, मध्यें लोखंड असतें, आणि तें तळहातावर नव्हे, बोटाच्या पेरावर मावतें.